हुकूम कोणी दिला?

पहिलं महायुद्ध का झालं, याचं उत्तर आपल्याकडे शाळेतच पाठ करून घेतलं जातं. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, आक्रमक राष्ट्रवाद आणि तात्कालिक कारण म्हणून साराएव्होतला खून. मुद्दे लिहिले की गुण मिळतात. हे उत्तर चुकीचं नाही. पण त्यात एकही माणूस नाही, आणि ही गोष्ट मला फार वर्षं खुपत आली आहे. म्हणून दोघांचं बोलणं इथे मांडतो. ताईंनी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवण्यात हयात घालवली. सुभेदार मराठा पलटणीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून महायुद्धांवरचं मिळेल ते वाचत आले. दोघं एकाच गावची. ताई कारणं मानतात, सुभेदार माणसं मानतात.

ताई : सुभेदार, चार जणांनी ठरवलं म्हणून जग पेटत नसतं. 1871 साली जर्मनीने फ्रान्सचे आल्सास आणि लोरेन हे प्रांत घेतले, तिथून ही गंजी रचायला सुरुवात झाली. 1882 मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली एकत्र आले. 1894 पर्यंत फ्रान्स आणि रशियाने हात मिळवले. 1904 आणि 1907 च्या समझोत्यांनी ब्रिटन त्यांच्या बाजूला सरकलं. 1906 साली ब्रिटनने ड्रेडनॉट ही युद्धनौका पाण्यात सोडली आणि आरमाराची शर्यत आणखी तीव्र झाली. कडबा वाळलेला, वारा सुटलेला. साराएव्होत प्रिन्सिपने गोळी झाडली नसती, तर दुसऱ्या कुणाची ठिणगी पडली असती.

सुभेदार : ठिणग्या आधी पडल्या नव्हत्या का ताई? 1905 आणि 1911 मध्ये मोरोक्कोवरून, 1908 मध्ये बोस्नियावरून, 1912 आणि 1913 मध्ये तर बाल्कनात प्रत्यक्ष युद्धंच झाली. गंजी हीच होती, पण ती पेटली नाही. दर वेळी कुणीतरी धावून आलं. बाल्कनच्या वेळी लंडनमध्ये सगळ्यांचे राजदूत एका टेबलाशी बसले आणि मार्ग निघाला. 1914 मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी पुन्हा तशाच बैठकीचा प्रस्ताव दिला होता. जर्मनीने तो नाकारला. नाकारणाऱ्याला नाव आहे, हुद्दा आहे.

ताई : पण प्रत्येक वेळी कुणीतरी अपमान गिळून मागे हटलं होतं ना? बोस्नियाच्या वेळी रशियाने गिळला. तोच रशिया पुन्हा सर्बियाला वाऱ्यावर सोडणार नव्हता. पाच वेळा टळलं म्हणूनच सहाव्या वेळी टळणं अवघड झालं.

सुभेदार : अवघड झालं, हे मान्य. अशक्य झालं, हे नाही. 28 जूनला साराएव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांचा खून झाला. ब्रिटन युद्धात उतरलं 4 ऑगस्टला. मध्ये 37 दिवस होते. तुमच्या धड्यात हे दिवस एका ओळीत संपतात. मी ते एकेक करून वाचले. 5 जुलैला बर्लिनने ऑस्ट्रियाला शब्द दिला की सर्बियाचं काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. इतिहासकार त्याला कोरा धनादेश म्हणतात. शब्द देऊन जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म आपल्या बोटीवरून नॉर्वेकडे निघून गेला. 23 जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला 48 तासांच्या मुदतीचा खलिता दिला. सर्बियाने बहुतेक सगळं मान्य केलं. आमच्या हद्दीत तुमचे अधिकारी येऊन तपास करणार, हे तेवढं नाकारलं. 28 तारखेला सकाळी कैसरने ते उत्तर वाचलं आणि शेरा मारला की आता युद्धाला काही कारणच उरलेलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. कैसरचं म्हणणं चान्सलर बेटमान-होलवेगने व्हिएन्नाला कळवलं, पण उशिरा आणि त्यातला जोर काढून. याला साम्राज्यवाद म्हणायचं की एका माणसाने सौम्य करून पुढे सरकवलेला कागद म्हणायचं?

ताई : तो माणूस असा का वागला, ते विचारा की. जर्मन सेनानींना धास्ती होती की 1917 पर्यंत रशियाची रेल्वे आणि फौज इतकी वाढेल की मग त्याला हात लावता येणार नाही. व्हिएन्नात कॉनराड नावाचा सरसेनापती होता. त्याने 1913 या एका सालात वीसहून अधिक वेळा सर्बियाशी युद्ध करायचा आग्रह धरला. अशी माणसं तिथवर पोचतात ती व्यवस्थेतूनच.

सुभेदार : आणि त्या कॉनराडला आवर घालणारा कोण होता? फ्रान्झ फर्डिनांड. ज्याच्या खुनाचं निमित्त केलं, तोच सर्बियाशी युद्ध नको म्हणणाऱ्यांपैकी होता. राहिली 1917 ची भीती. ती खरी होती असं धरून चालू. पण तीन वर्षांनी काय होईल या भीतीने जो आज लढाई ओढवून घेतो, त्याचा नाइलाज झाला असं मी म्हणणार नाही.

ताई : बरं, मग रेल्वेचं काय करता? तुम्ही फौजेतले, तुम्हाला तर हे आधी पटायला हवं. जर्मनीची योजना अशी की सहा आठवड्यांत बेल्जियममधून जाऊन फ्रान्सला लोळवायचं आणि मग रशियाकडे वळायचं. त्यासाठी 11,000 आगगाड्यांचं वेळापत्रक मिनिटामिनिटाने बांधलेलं. 1 ऑगस्टला कैसर म्हणाला, फ्रान्सकडे नको, सगळी फौज पूर्वेला वळवा. सरसेनापती मोल्टके म्हणाला, ते होणे नाही, सगळा गोंधळ होईल. वेळापत्रकापुढे सम्राटाचंही चाललं नाही. याहून मोठा पुरावा कोणता?

सुभेदार : तीच रात्र पुढे वाचा ताई. ट्रिअरला एक डिव्हिजन लक्झेंबर्गमध्ये शिरायच्या तयारीत होती. कैसरने तिला परस्पर थांबायचा हुकूम दिला. एक तुकडी आधीच हद्द ओलांडून एका स्टेशनात घुसली होती. मागून माणसं आली, चूक झाली म्हणाली आणि तिला मागे नेलं. म्हणजे फौज थांबत होती! रात्री उशिरा लंडनहून हवं ते उत्तर आलं नाही, तेव्हा कैसरनेच मोल्टकेला सांगितलं, आता काय करायचं ते कर. आणि युद्ध संपल्यावर जर्मन रेल्वे विभागातला जनरल श्टाब याने पुस्तक लिहून दाखवलं की गाड्या पूर्वेला वळवता आल्या असत्या. तिकडे रशियातही तेच. 29 जुलैच्या संध्याकाळी कैसरची तार आली म्हणून झारने सार्वत्रिक जमवाजमवीचा हुकूम रद्द केला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने त्याचं मन वळवलं आणि तोच हुकूम पुन्हा सुटला. जो हुकूम रात्री मागे घेता येतो, तो अटळ कसा? मी पलटणीत उभी हयात काढली. कूच आपोआप होत नाही. खाली सही असते.

या मुद्द्यावर मी सुभेदारांच्या बाजूने आहे. जुलै 1914 मधल्या तारा, शेरे, टिपणं यांचे कागद आज छापील स्वरूपात मिळतात. ते वाचताना प्रत्येक टप्प्यावर दुसरी वाट दिसते, आणि ती नाकारणारा माणूसही दिसतो. फक्त व्हिएन्ना आणि बर्लिनच्या माथी सगळं मारावं असं मला वाटत नाही. पीटर्सबर्गने घाई केली, पॅरिसने त्याला आवरलं नाही, लंडनने आपण काय करणार ते फार उशिरा सांगितलं. पण पहिली वाट व्हिएन्नाने धरली आणि ती बर्लिनने मोकळी करून दिली.

ताईंनी यावर हार मानली नाही. त्यांनी प्रश्नच बदलला, आणि तो मला त्यांच्या सगळ्या मुद्द्यांत सर्वांत वजनदार वाटतो.

ताई : ठीक आहे, सह्या माणसांनी केल्या. पण सहीत एवढी ताकद आली कुठून? सिमल्यात बसलेल्या व्हाइसरॉय हार्डिंजने जाहीर केलं की हिंदुस्थान युद्धात आहे. कुणाला विचारलं? तुमच्या-माझ्या गावातल्या शेतकऱ्याला ऑस्ट्रिया कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. तरी सुमारे 13 लाख हिंदी माणसं समुद्रापलीकडे गेली आणि 74,000 हून अधिक परतली नाहीत. एका सहीने एवढं होतं, कारण मागे साम्राज्य उभं असतं. तुम्ही सही दाखवता, मी सहीमागचं सिंहासन दाखवते.

सुभेदार : हे मात्र खरं. आमच्या माणसांना कुणी विचारलं नाही. गरिबी होती, जमीन थोडी, पलटणीचा पगार नेमाने येणारा. लोक नावं नोंदवत गेले.

ताई : आणि ज्यांना नावं नोंदवायची होती त्यांच्यासाठी दार बंद होतं, तेही सांगा. महार समाजाची भरती सरकारने त्याआधी बंद करून टाकली होती. माणसं कमी पडायला लागली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो.

सुभेदार : आता कूतचं ऐका, कारण तिथे तुमचं आणि माझं दोघांचं म्हणणं एकत्र येतं. लोकांना फ्रान्समधली सोमची लढाई ठाऊक असते. 1 जुलै 1916 या एका दिवसात ब्रिटिशांचे 57,470 हताहत झाले, त्यांपैकी 19,240 ठार. व्हर्दुन तर फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत चाललं. पण आपल्या माणसांचं मोठं युद्ध झालं ते टायग्रिसच्या काठी. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेली 6 वी डिव्हिजन पुण्याची, तिचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात 103, 110, 117 या मराठा पलटणी. सुरुवातीला काम एवढंच की बसरा आणि इराणच्या तेलाची वाट राखायची. ते 1914 सालीच झालं होतं. मग विजयाची चटक लागली. मोहिमेचा प्रमुख जनरल निक्सन याला बगदाद हवं होतं, सरकारलाही हवं होतं. पुढे होता डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड. त्याला स्वतःला शंका होती की एवढ्या फौजेवर बगदाद झेपणार नाही. तरी तो निघाला. बोटी अपुऱ्या, औषधं अपुरी, जखमींना हलवायची सोय नाही. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनला तुर्कांनी अडवलं आणि डिव्हिजन मागे हटून कूत-अल-अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात शिरली. डिसेंबरात वेढा पडला.

ताई : पाच महिने ना?

सुभेदार : जवळजवळ. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेचे 23,000 च्या आसपास हताहत झाले, म्हणजे आत जेवढे अडकले होते त्यांच्याहून जास्त. आत शिधा संपला. घोडे कापले. आपल्या बऱ्याच जवानांनी ते मांस खायला कित्येक दिवस नकार दिला. घरी गेल्यावर जात वाळीत टाकेल ही धास्ती. विमानांतून पोती टाकून बघितली, रसदीची बोट पाठवली, ती अडकली. शेवटी तुर्की सेनापती खलील पाशाला 20 लाख पौंड देऊ केले. त्याने ते धुडकावले. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 माणसं शरण गेली. त्यानंतरचं वाचताना मला पुस्तक मिटावं लागलं. उपाशी, आजारी शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले. हजारो वाटेत आणि कैदेत गेले. कित्येकांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. आणि टाउनशेंड? तो इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला आणि कैदेत असतानाच इंग्रज सरकारने त्याला ‘सर’ केलं.

ताई : मग जबाबदारी कुणावर आली?

सुभेदार : चौकशी आयोग नेमला. 1917 च्या उन्हाळ्यात अहवाल आला. त्यात हार्डिंज, निक्सन, वैद्यकीय खातं, सगळ्यांवर ठपका. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. बाकीच्यांचं फारसं काही बिघडलं नाही.

ताई : चेंबरलेन गेला आणि मॉंटेग्यू आला, हे विसरू नका. त्याने 20 ऑगस्ट 1917 ला पार्लमेंटात जाहीर केलं की हिंदुस्थानाला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचं धोरण आहे. कूतच्या चिखलात मेलेल्या माणसांमुळे ती घोषणा लवकर झाली, असं मी मुलांना सांगत आले.

सुभेदार : आणि दीड वर्षाने रौलट कायदा आणि जालियनवाला बाग.

ताई : हो. टिळकांनी हे आधीच ओळखलं होतं. मंडालेच्या कैदेतून सुटून आल्यावर ऑगस्ट 1914 मध्ये त्यांनी सरकारला पाठिंबा जाहीर केला. पण त्यांचं म्हणणं साफ होतं: माणसं हवीत ना, मग हक्कही द्या, सैन्यात अधिकाराच्या जागा द्या. जून 1918 मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत ते हेच बोलायला उठले आणि गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं. ते सभा सोडून निघून गेले. त्याच महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस तापाने फणफणू लागले. युद्धाच्या बोटींबरोबर इन्फ्लुएंझा उतरला होता. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली, म्हणजे सगळ्या देशांचे मिळून रणांगणावर जेवढे सैनिक मेले, त्याहूनही जास्त. सुभेदार, या मरणांच्या हुकमावर कुणाची सही शोधाल?

सुभेदार : नाही सापडणार. ते तुमचं.

ताई : व्हर्सायही माझंच. 28 जून 1919, साराएव्होला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी तह झाला. कलम 231 मध्ये युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकली. 1921 मध्ये भरपाईचा आकडा ठरला, 132 अब्ज सुवर्ण मार्क. अपमानित देश, मोडलेलं चलन, मग हिटलर. तहातच पुढचं युद्ध होतं. अर्थतज्ज्ञ केन्सने 1919 सालीच इशारा दिला होता.

सुभेदार : तह वाईट होता, मान्य. पण मार्च 1918 मध्ये जर्मनीने रशियावर ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह लादला, तो याहून कठोर होता. आणि व्हर्सायनंतर काय झालं ते क्रमाने बघा. 1924 मध्ये भरपाईचे हप्ते हलके केले. 1925 मध्ये लोकार्नोचा करार, 1926 मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात. 1928 च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला किती मतं पडली? 2.6 टक्के. व्हर्साय तेव्हाही होता. मग 1929 ची मंदी आली, 1932 च्या सुरुवातीला तिथे 60 लाख बेकार झाले आणि जुलैत त्याच पक्षाला 37 टक्के. तरी बहुमत नव्हतंच. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याची मतं घटली. आणि मतं घटत असताना, 30 जानेवारी 1933 ला, माजी चान्सलर फॉन पापेन आणि मंडळींनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गला गळ घातली की याला चान्सलर करा, आपण त्याला मुठीत ठेवू. पुन्हा बंद खोली, पुन्हा चार माणसं, पुन्हा सही.

ताई : मंदी कुणी सहीने आणली नव्हती.

सुभेदार : नाही आणली. पण मंदी अमेरिकेतही होती, इंग्लंडातही होती. तिथे हिटलर आला नाही.

ताई : कारण तिथे अपमानाची जखम नव्हती, आणि लोकशाही मुरलेली होती. बघा, शेवटी कारणांकडेच आलात!

दोघांचं इथे जमलं नाही, आणि जमायला हवं असं मला वाटतही नाही. अरब मुलखाबद्दल मात्र दोघांचं एकमत झालं. 1916 मध्ये ब्रिटनच्या साइक्स आणि फ्रान्सच्या पिको यांनी तुर्की साम्राज्याचे तुकडे नकाशावर वाटून घेतले, 1917 मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फरने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासाला पाठिंबा दिला आणि अरबांना स्वातंत्र्याची आशा त्याआधीच दाखवून झाली होती. ज्या इराकसाठी मराठा पलटणी झिजल्या, तिथे 1920 मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला आणि तो मोडायलाही हिंदी फौजच वापरली गेली.

सुभेदार : एक शेवटचं सांगतो. 11 नोव्हेंबर 1918 ला शस्त्रसंधीवर पहाटे पाचच्या सुमारास सह्या झाल्या. अंमल सकाळी अकरापासून. दोन्ही बाजूंच्या सेनापतींना ठाऊक होतं की युद्ध संपलं. तरी कित्येक ठिकाणी हल्ले चालू ठेवले. त्या एका दिवसात दोन हजारांहून जास्त माणसं मेली. यात कुठला लष्करवाद आणि कुठला गुप्त करार? तुम्ही मुलांना कारणं शिकवा, जरूर शिकवा. पण प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वाढवा: थांबवणं कुणाच्या हातात होतं आणि त्याने काय केलं?

ताई : वाढवेन. आणि तुम्ही दुसरा वाढवा: ज्यांना मरायला पाठवलं त्यांना विचारलं का नाही?

मला हे दोन्ही प्रश्न हवे आहेत. पहिला नसेल तर युद्ध पावसासारखं आपोआप पडणारं वाटू लागतं आणि सही करणारे सुटतात. दुसरा नसेल तर इतिहास फक्त सही करणाऱ्यांचा उरतो. आपल्या माणसांचं तेच झालं. बसऱ्याच्या स्मारकावर 40,000 हून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिशांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची नावं गाळून फक्त संख्या दिल्या. आपल्या सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत त्या काळच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवरही या गावातून इतके गेले आणि इतके मेले, एवढेच आकडे असतात. तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर त्या आकड्यांमागची नावं शोधा. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या नोंदी सर्वांना पाहता येतात. त्यांत पलटण, तारीख, बऱ्याचदा वडिलांचं नाव आणि गावही असतं. ती नावं शाळेच्या फळ्यावर लिहा, ग्रामपंचायतीत लावा.